लाडवातला डिंक आणि डायिंगचं पाणी

नमस्कार मंडळी, डिंक म्हटलं की आपल्याला बाळंतिणीचे लाडू आठवतात, पण आज मी बोलणारे तो पाणी साफ करणाऱ्या डिंकाबद्दल.

आपल्या सोलापुरात चादरी-टॉवेलचं सूत रंगवतात आणि सगळा रंग काय सुताला बसत नाही, उरलेला पाण्याबरोबर निघून जातो. लहानपणी गटारातनं कधी लाल कधी निळं पाणी जाताना बघून आम्हा पोरांना मजा वाटायची, आता आठवलं की पोटात कालवतं. हा रंग पाण्यात विरघळलेला असतो, फडक्यानं गाळा नाहीतर वाळूतनं, तो आरपार जातो.

आता डिंक म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. गवारीच्या बियांचा गवार गम घ्या, त्यात मॅनोज नावाच्या साखरेची सरळ माळ आणि साधारण दर दोन मण्यांमागं गॅलॅक्टोज या दुसऱ्या साखरेचा एक मणी बाजूला लोंबतो. मागवाल्यांना चिंचोक्याची खळ माहिती असेल, तीही जवळपास याच जातीची. पण कच्चा गवार गम पाण्यात टाकला की विरघळून चिकट होतो आणि काही दिवसांत सडायला लागतो. म्हणून आपण आंब्याला कलम करतो ना, तसं या माळेवर पॉलिॲक्रिलामाइडच्या, म्हणजे ॲक्रिलामाइड या रसायनाच्या कणांपासून बनलेल्या माळेच्या, फांद्या चढवतात, आणि माळा एकमेकींना बांधल्या की न विरघळणारं जेल तयार होतं. त्यावर ऋण भाराचे गट बसवले की मेथिलीन ब्लूसारखे धन भाराचे रंग, शिसं, तांबं त्याला चिकटतं, मग जेल आम्लात धुवायचं, धातू सुटतो आणि तेच जेल परत वापरता येतं. सुताला रासायनिक बंधानं पक्के बसणारे रिॲक्टिव्ह रंग मात्र स्वतःच ऋण भाराचे, त्यांना धन भाराचा डिंक लागतो, म्हणजे एकाच डिंकानं सगळं पाणी साफ होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कलम करताना वापरलेलं ॲक्रिलामाइड विषारी असतं, पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून तयार डिंक नीट धुवून घ्यावाच लागतो. माझ्या मते हा डिंक आधी डायिंगच्या सांडपाण्यालाच लावावा. घरच्या पिंपात कुणी टाकू नका, त्यानं जंतू मरत नाहीत, तिथं आपली क्लोरीनची गोळी नाहीतर उकळलेलं पाणीच.