ग्रामर आपलं, फाइली लोकांच्या

नमस्कार. एखाद्या कामापुरती संगणकाची छोटी भाषा लिहिणं आता अवघड राहिलेलं नाही. पार्सर, म्हणजे ती भाषा वाचून तिची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, आठवड्याभरात उभा राहतो. खरी कसोटी पुढे लागते, कारण ग्रामर, म्हणजे भाषेच्या रचनेचे नियम, आपल्या हातात असलं तरी त्या भाषेत लिहिलेल्या फाइली लोकांकडे असतात, आणि सांभाळायच्या असतात त्या फाइलीच.

किती फाइली झाल्या म्हणजे भाषा बदलणं अवघड होतं? स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये ‘मेक’ हे फाइलींपासून प्रोग्रॅम बांधणारं, म्हणजे बिल्ड करणारं साधन लिहिलं. त्यात आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी स्पेस पडली तर डोळ्यांना फरक दिसत नाही आणि बिल्ड मात्र अडतं. ही चूक त्यांच्या लवकरच लक्षात आली, पण तोवर जेमतेम डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. टॅबऐवजी दुसरं चिन्ह निवडायची सोय ग्नू मेकमध्ये, म्हणजे मेकच्या नंतरच्या एका अवतारात, आली ती 2010 साली, 3.82 आवृत्तीत. तीही फाइलीत तसं लिहिलं तरच लागू होते, त्यामुळे जुन्या फाइलींना धक्का लागला नाही.

म्हणून पुढच्या बदलांसाठी जागा पहिल्याच दिवशी राखून ठेवावी लागते. आज जे लिहिलं की एरर येतो, तीच ही जागा. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना लिहिण्याच्या पद्धतीत, उघड्या कंसाला लागून प्रश्नचिन्ह आलं तर पूर्वी त्याला काही अर्थच नव्हता. पर्ल या भाषेच्या पाचव्या आवृत्तीनं नेमकी ती जोडी उचलली. पुढचं पाहून ठरवणारे नमुने, न पकडणारे गट आणि नंतर नावाचे गट, हे सगळं त्या एका फटीतून आत आलं. एकही जुना वैध नमुना मोडला नाही.

याउलट पार्सर सैल असेल तर ही जागा आपोआप संपते. समजा, अनोळखी सेटिंग तुम्ही मुकाट्यानं सोडून देता. कुणीतरी अंदाजानं ‘रीट्राय’ लिहून ठेवतो, काहीच घडत नाही, ओळ तशीच पडून राहते. दोन वर्षांनी तुम्ही खरंच ‘रीट्राय’ आणता आणि ती ओळ एका रात्रीत जागी होते. तेव्हा अनोळखी दिसलं की एरर द्या. वेबपानाचं रूप ठरवणारं सीएसएस अनोळखी गुणधर्म सोडून देतं, कारण जुन्या ब्राउझरलाही पान कसंबसं दाखवायचंच असतं. तुमची भाषा पैसे वळते करत असेल किंवा सर्व्हर उभे करत असेल, तर तो दाखला तुमच्या कामाचा नाही.

राखीव शब्दांचंही, म्हणजे भाषेनं स्वतःसाठी ठेवलेल्या शब्दांचंही, तसंच. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या 8.0 आवृत्तीत विंडो फंक्शन्स (ओळींच्या गटावरून क्रमांक वगैरे काढणारी) आली आणि ‘रँक’ हा शब्द राखीव झाला. ज्यांच्या टेबलात त्या नावाचा कॉलम होता त्यांच्या साध्यासुध्या क्वेरी वाक्यरचनेच्या एररनं पडल्या. नाव बॅकटिकमध्ये (`) घालणं हा उपाय. नवा शब्द ठरावीक जागीच राखीव धरायचा, किंवा वापरणाऱ्यानं दिलेल्या नावांना सुरुवातीपासून वेगळं चिन्ह लावायचं, यातलं एक तरी आधी ठरवा.

तरी हे बदल निदान ओरडतात. वाक्यरचना तीच ठेवून अर्थ बदलला, तर काहीच पडत नाही आणि उत्तर चुकतं. यामल या सेटिंग लिहिण्याच्या भाषेच्या 1.1 आवृत्तीत अवतरणाशिवाय लिहिलेलं ‘नो’ म्हणजे ‘असत्य’; नॉर्वेचा देशसंकेतही ‘नो’च (NO), तो त्यात सापडतो. 2009 च्या 1.2 आवृत्तीनं हा नियम काढला, पण कितीतरी लायब्रऱ्या 1.1 प्रमाणेच वाचत राहिल्या. एकाच फाइलीचे दोन अर्थ झाले. आवृत्ती सांगणारी ओळ यामलमध्ये आहे, पण ती ऐच्छिक असल्यानं क्वचितच कुणी लिहितं. तुमच्या भाषेत ती सक्तीची ठेवा. नसेल तिथे सर्वांत जुनी आवृत्ती धरा. नवीन धरलीत तर प्रत्येक रिलीज जुन्या फाइलींचा अर्थ बदलेल. आणि एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर थेट उडी नको. मधल्या एका आवृत्तीत ती रचना निव्वळ एरर असू द्या.

आता रूपांतरक, म्हणजे जुनी फाइल नव्या रूपात लिहून देणारं साधन. नेहमीचा एएसटी, म्हणजे पार्सरनं बांधलेलं रचनेचं झाड, कमेंट आणि मोकळ्या जागा फेकून देतो. त्यावरून फाइल पुन्हा छापली तर तीन ओळींच्या बदलासाठी चारशे ओळींचा डिफ, म्हणजे फरकांची यादी, येतो आणि तो कुणी वाचत नाही. प्रत्येक टोकन (शब्द किंवा चिन्ह), कमेंट, स्पेस जपणारं झाड लागतं, आणि बदलायचे तेवढेच तुकडे बदलायचे. रूपांतरक दुसऱ्यांदा चालवला तर एक अक्षरही बदलता कामा नये. मग जुनी फाइल जुन्या कंपायलरनं, नवी नव्यानं, अशा दोन्ही एकाच अंतर्गत रूपात आणून ती रूपं ताडून पाहा. जमत नसेल तिथे अंदाज बांधू नका, खूण सोडा. सर्व्हर उभे करणाऱ्या टेराफॉर्म या साधनाच्या 0.12 आवृत्तीतल्या अपग्रेड आज्ञेनं 2019 मध्ये हेच केलं; शंकेच्या जागी ती कमेंट टाकून जायची. मात्र ती आज्ञा 0.12 मध्येच होती, त्यामुळे मागे राहिलेल्यांना आधी त्या पायरीवर थांबावं लागलं. जुने रूपांतरक काढून टाकू नका. त्यांना फारशी जागा लागत नाही.

एवढं करूनही निसटतात त्या दुसऱ्या प्रोग्रॅमनं मजकूर जोडून बनवलेल्या फाइली. त्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, नसतातच, असतो तो साचा, आणि साचा तुमच्या ग्रामरमध्ये बसत नाही. इथे रूपांतरक निरुपयोगी आहे. वॉर्निंगमध्ये फाइल, ओळ आणि नवी रचना जशीच्या तशी छापा, म्हणजे साच्यात कुठे हात घालायचा ते कळेल. मजकूर जोडण्याऐवजी थेट झाड बांधून देणारी छोटी लायब्ररी पुरवा. आणि जुनी रचना काढण्याआधी, ती नुसती वॉर्निंग देत चालू ठेवलेल्या दोन रिलीजच्या काळात वर्षातून एकदाच चालणारी कामं, म्हणजे वर्षअखेरचे हिशेब वगैरे, एकदा तरी येऊन गेलीत ना, ते पाहा.