चाळीस रुपयांची ‘सोन्याची’ पुतळी: खरी का खोटी?

(टेबलावर पांढरा कागद, शेजारी छोटा काटा. हातात पिवळी चकती.)

राम राम मंडळी. ही बघा. जवळ आणतो... थांबा, फोकस होऊ द्या. हां.

संभाजीनगरात, छावणीच्या आठवडी बाजारात, जुन्या सामानाच्या पालावर घेतली. कुलपं, मापटी, काच फुटलेला कंदील, आणि एका डब्यात ही. मामा म्हणाले, “राम-सीता हाय, पेशवाईतलं सोनं. पाचशे द्या.” मी चाळीस म्हणालो आणि मामांनी लगेच हातावर ठेवली. निम्मा निकाल तिथंच लागला. सोनं चाळिसात सोडणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तर ही आहे काय? ही पुतळी. आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवतीय ना? त्यातलीच एक, सुटी झालेली. वरच्या काठाला कडी तुटल्याची खूण दिसतीय बघा.

आता चित्र नीट बघा. डावीकडं एक जण उभा, उजवीकडं एक जण वाकलेला, मधे काठी. आपल्याकडं याला खुशाल राम-सीता म्हणतात. पण हे दोघं इटलीतल्या व्हेनिसचे. उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचा पाठीराखा संत. गुडघे टेकलेला तो तिथला राज्यप्रमुख, त्याला डोज म्हणायचे. काठी निशाणाची. मूळ नाणं डुकाट, शुद्ध सोन्याचं, 1284 पासूनचं. 1797 मध्ये नेपोलियननं व्हेनिसचं राज्य बुडवलं, तोवर चित्र जवळपास तेच राहिलं. मिरी-मसाल्याच्या बदल्यात ही नाणी जहाजांनी आपल्याकडं आली. वर दोन बाहुल्या दिसतात म्हणून लोकांनी नाव दिलं पुतळी. मग सोनारांनी तसेच ठसे करून दागिने घडवले, आणि पुढं पितळेतही तेच निघालं.

म्हणजे तीन शक्यता झाल्या. व्हेनिसचं नाणं, इथल्या सोनाराची सोन्याची पुतळी, नाहीतर पितळ. बरेच जण दोनच धरतात आणि तिथं फसतात.

पहिल्यांदा काठावरची अक्षरं बघा. मूळ नाण्यावर लॅटिन मजकूर आणि त्या वेळच्या डोजचं नाव असतं. माझ्या चकतीवर काय आहे? नुसत्या उभ्या रेघा. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन कुठलं येतंय! त्यानं बघून बघून अक्षरं काढली, पुढच्यानं त्याचं बघून काढली, होता होता अक्षरांचं कुंपण झालं. पण घाई करू नका. असलं कुंपण सोन्याच्या पुतळीवरही असतं. अक्षरांवरून ठसा कुठला ते कळतं, धातू कळत नाही.

धातूसाठी काटा. डुकाटचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, रुंदी 2 सेंटिमीटरच्या थोडी वर. सोनं पितळेच्या दुपटीहून जड, त्यामुळं त्याच मापाची, तेवढ्याच जाडीची पितळी चकती दीड ग्रॅमच भरते. माझी ठेवतो... 1.2. म्हणजे व्हेनिसचं नाणं तर नाहीच! पत्रा पातळ आहे, उलटी केली की पुढचा उठाव मागं खोलगट दिसतो. साच्यात दाबलेला माल. आणि खाचेत हिरवा कळंक धरलाय, म्हणजे आत पितळ. संपला विषय! वर होतं ते नुसतं गिलीट.

आणि ते चुंबक लावून ‘चिकटलं नाही, म्हणजे सोनं’ म्हणायचं... कृपा करून सोडा. पितळेला चुंबक धरत नाही, सोन्यालाही नाही. त्यानं फक्त लोखंड उघडं पडतं. उलट 1947 चा आपला अस्सल रुपया निकेलचा, तो चटकन चिकटतो!

दुसरं, लोक मला राम दरबारवाल्या ‘1818, ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा’चे फोटो पाठवायलेत. लाखाला जाईल का म्हणून विचारतात. अहो, इंग्रजांचं एक आण्याचं नाणं चलनात आलं 1907 ला. ते देवघरातलं टोकन आहे, पूजेची चकती, चलनातलं नाणं नव्हे. देवघरातच ठेवा.

बरं, नाण्याची नक्कल गळ्यात घालायची हौस आजची नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जुनं तगर, माहीतच असेल. तिथं रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्या सापडल्यात. रोमचं सोनं परवडेना, तर माती भाजून बादशहाचं तोंड गळ्यात! मला तर ते लोक एकदम आपलेच वाटतात. तेव्हाचं बेन्टेक्स म्हणा की.

तुमच्याकडं अशी पुतळी असली तर चिंच-मीठ लावून घासू नका. आधी वजन करा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा. साडेतीनच्या जवळ भरली तर थेट सोनाराकडं जा, आणि तो घासून बघतो म्हणाला तर “काठावरच घासा” म्हणा.

मामांच्या डब्यात अजून दोन होत्या. एकीवर अक्षरं जरा सरळ वाटली होती, पण तेव्हा काटा घरी राहिला होता. येत्या बाजाराला तो खिशात घेऊनच चाललोय.