डावी किडनी

सकाळचे साडेसात. पुण्यातलं एक रुग्णालय, तिसरा मजला. बाकावरची ही साडीच्या दुकानाची पिशवी बघा. आत लग्नाचा दाखला, लग्नातले चार फोटो, रेशनकार्ड, दोन्ही मुलांचे जन्मदाखले. पिशवी या ताईंची. यजमानांना त्या किडनी देणार आहेत. पण आपण त्यांच्याच पत्नी आहोत, हे आधी कागदोपत्री सिद्ध करायचंय.

तपासण्या गेले दोन महिने चालू आहेत. रक्तगट जुळला. मग क्रॉसमॅच: ताईंच्या पेशी आणि यजमानांच्या रक्तातलं द्रव एकत्र करून बघायचं, त्यांचं शरीर या पेशींवर तुटून पडतं का. मग स्कॅन, कोणती किडनी किती काम करते ते मोजायला. बहुधा डावी काढतात. तिची नीला, म्हणजे रक्त बाहेर नेणारी शिरा, लांब असते, जोडायला सोपी जाते.

आता ही खोली. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढची मुलाखत. कॅमेरा आमचा नाही, रुग्णालयाचा. चित्रीकरण नियमानं करावंच लागतं. २०१४ च्या अवयव प्रत्यारोपण नियमांत एक वेगळी तरतूद आहे. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्या. तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती, अवयव घेणारा सोडून दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्या. पुरुष दात्यासाठी अशी तरतूद नाही. नियम लिहिणाऱ्यांना आपली घरं माहीत होती. म्हणूनच ही पडताळणी सही-शिक्क्यापुरती राहू नये. त्या वेळी खोलीत ना सासरचं कुणी असावं, ना माहेरचं.

ताईंना विचारलं होतं: द्यायचं कुणी ठरवलं?

(बाइट: ताई)

देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्या तिघांत साधारण दोन स्त्रिया असतात. घेणाऱ्या दहांत साधारण सात पुरुष. बाईची जातच देणारी, असं आपण सहज म्हणून जातो. २००१ साली जेम्स अँड्रिओनी आणि लिसे वेस्टरलुंड या अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे वाटायला दिले आणि देणं कधी स्वस्त, कधी महाग केलं. थोडं दिल्यावर समोरच्याला भरपूर मिळत होतं, तेव्हा पुरुष जास्त उदार ठरले. पदरमोड वाढली, तशा स्त्रिया पुढे गेल्या. २०१७ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे बक्षिसाची जाणीव देणाऱ्या रसायनाचं, काम औषधानं रोखलं. स्त्रियांचं देणं घटलं, पुरुषांचं वाढलं. पण हा फरक जन्मजात आहे असं समजू नका, असं त्यांनीच बजावलं. वाटून खाल्लं की मुलीचं कौतुक होतं. मेंदू तेच शिकतो.

शस्त्रक्रियागृह. बर्फाच्या भांड्यात ठेवलेली ही ताईंची किडनी. थंड द्रावणानं धुतल्यामुळे फिकट पडलीय. यजमानांच्या जुन्या किडन्या जागच्या जागी राहतात; ही खाली, ओटीपोटाच्या उजव्या बाजूला बसवतात. एक शिरा, एक धमनी, दोन्हींना बारीक टाके. आता रक्त अडवून धरणारे चिमटे निघतील. रंगाकडे बघा.

लघवीचे पहिले थेंब.

ताईंना महिना-दोन महिने जड उचलायचं नाही, आणि दरवर्षी तपासणी, आयुष्यभर. आणि घेणाऱ्यांत स्त्रिया कमी, म्हणून २०२५ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्थेनं अवयवाच्या प्रतीक्षायादीतल्या स्त्रियांना प्राधान्य द्यायला राज्यांना सांगितलंय.

हे चित्रीकरण तिसऱ्या दिवसाचं. ताई भिंतीला धरून यजमानांच्या खोलीच्या काचेपर्यंत चालत आल्या.