टेंभलीचा अंगठा

देशातलं पहिलं आधार दिल्ली-मुंबईत निघालं नाही. ते निघालं २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हजेरीत. तेव्हा सरकारी पाळतीची गोष्ट खानदेशातूनच सांगू.

हे रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन. काचेवर बोट टेकलं, दिवा लागला, पण अंगठा लागला नाही. कापूस वेचून बोटं बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली, रेषा उमटणार कुठून? हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावायचं. तेही गेलं तर डोळ्याची बुबुळं, नाहीतर ओटीपी. धान्य मिळो न मिळो, फसलेल्या खेपेचीही नोंद होते: तारीख, वेळ, पडताळणी मागणारी संस्था, निकाल. अंगठा कशासाठी लावला, हे आधार प्राधिकरणाने साठवायला कायद्याने मनाई आहे. पण संस्थेचं नाव वाचलं की निम्मं कळतंच.

ही नोंद आधी वर्षानुवर्षं राहायची. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती सहा महिन्यांवर आणली. राष्ट्रीय सुरक्षेसाठी सहसचिवाच्या सहीवर माहिती उघडणारं आधार कायद्यातलं कलम ३३(२) ही रद्द केलं. अधिकारी वरच्या दर्जाचा हवा आणि सोबत न्यायाधीश हवा, असं कोर्टाचं म्हणणं होतं. २०१९ च्या दुरुस्तीत सहसचिवाच्या जागी सचिव आला. न्यायाधीश काही आला नाही. आमच्या मते, सगळ्या वादाची गाठ इथेच आहे.

फोनचं तेच. गृहसचिवाच्या आदेशावर ६० दिवस, वाढवत नेऊन १८० दिवस संभाषण ऐकता येतं. आदेश तपासणाऱ्या समितीतही सचिवच. आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कुणी कळवत नाही, मग दाद मागणार कोण? खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच एकमताने सांगितलंय.

स्वतःची नोंद मात्र बघता येते. आधारच्या संकेतस्थळावर ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’ उघडा, सहा महिन्यांतल्या ५० पर्यंत नोंदी दिसतात. अनोळखी संस्था दिसली तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनला फोन लावा. झेरॉक्स देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. बोटांचे ठसे लॉकही करता येतात, पण रेशनच्या दिवशी आधी अनलॉक करा, नाहीतर मशीनवर ३३० चा एरर येतो आणि दुकानदार नेटवर्कला शिव्या घालत बसतो. आधारला जोडलेलं सिम बंद पडलं असेल, तर मात्र आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या. ओटीपी येतो तो त्याच नंबरवर.