22 बार: पेटीवाल्या काकू आणि बाख

[पेटीचा भाता, डाव्या हाताचा क्लोजअप]

हा डावा हात गेली कित्येक वर्षं फक्त भाता मारतोय. डोंबिवलीतलं भजनी मंडळ, एकादशीची दुपार, आणि पेटीवर ह्या काकू. अभंग कुठल्याही पट्टीत सांगा, उजवा हात लगेच उचलतो. डाव्याला काम एकच, हवा कमी पडू द्यायची नाही.

[कट. डिजिटल पियानो, दोन्ही हात]

आणि हा तोच डावा हात, पण इथे त्याला सुट्टी नाही. समोर योहान सेबास्टियन बाख ह्या जुन्या जर्मन संगीतकाराचं पहिलं इन्व्हेन्शन, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीची छोटी रचना आहे, सी मेजर, एकूण 22 बार, म्हणजे नोटेशनमधले उभ्या रेघांनी पाडलेले खण, जेमतेम दीड मिनिटाचं. काकूंच्या भाषेत पांढरी एकचा सा. उजवा हात म्हणतो सा रे ग म रे ग सा प, आणि अर्धा बार झाला की डावा तेच एक सप्तक खाली म्हणत आत येतो. इथे साथ वगैरे प्रकार नाही, दोन्ही हात गायकच.

हा व्हिडिओ त्या 22 बारांबद्दल आहे. म्हणजे खरं तर ते पाठ कसे केले त्याबद्दल, कारण आमच्याकडे शूट झालंय ते सगळं तेच आहे.

[जुन्या हस्तलिखिताचं छायाचित्र]

थोडं मागे जाऊ. 1720 साली, जर्मनीत क्योथेनला असताना, बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी एक वही सुरू केली. पोरगा नऊ वर्षांचा. त्या वहीत सुरुवातीला एक छोटा तुकडा आहे ज्यात बाखने प्रत्येक सुरावर कुठलं बोट ते स्वतः आकड्यांनी लिहून दिलंय, आणि त्यात तिसरं चौथं, तिसरं चौथं अशी बोटं एकमेकांवरनं जातात, आजचा कुठलाही टीचर ते बघून कपाळाला हात लावेल. पण मुद्दा काय, तर आधी बोटं, मग सूर. इन्व्हेन्शन्स आधी ह्याच वहीत आली, मग 1723 मध्ये त्याने ती नीट सुवाच्य उतरवून काढली, दोन आवाजांची पंधरा आणि तीन आवाजांची पंधरा. शिकणाऱ्याला दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत आणि वाजवणं गाण्यासारखं व्हावं, असं त्याने वर लिहिलंय सुद्धा. म्हणजे ही मैफिलीची चीज नव्हेच, घरातल्या शिकवणीसाठी लिहिलेली आहे. पियानो तेव्हा घरोघरी नव्हताच, होती ती क्लॅव्हिकॉर्ड नाहीतर हार्प्सिकॉर्ड, पट्ट्यांचीच पण जुनी वाद्यं.

[दादर, टीचरची खोली, अपराइट पियानो, पेन्सिल]

आता हे बघा. काकू पहिल्या दिवशी ह्या खोलीत आल्या आणि टीचरने त्यांना वाजवूच दिलं नाही. टीचर वयाने बऱ्याच लहान, काकू त्यांना अहो-जाहो करतात आणि त्या काकूंना काकू म्हणतात, हे ऐकायला फार गोड आहे. "काकू, आधी पेन्सिल." मग सगळी फिंगरिंग लिहायची. सुरुवातीला उजव्याची बोटं 1 2 3 4 2 3 1 5, अंगठा म्हणजे एक. पेटीवर बोट कुठलंही पडलं तरी निभतं, भजनात कोण बघतंय, पण इथे आज एक बोट आणि उद्या दुसरं असं झालं की हाताला रोज नवीनच रस्ता दाखवल्यासारखं होतं आणि पाठ काही होतच नाही. बोटं एकदा ठरली की बदलायची नाहीत. बदलायचीच असतील तर पहिल्या दोनतीन दिवसांत बदला, नंतर फार महाग पडतं.

मग कंस. पानावर हे जे पेन्सिलीचे कंस दिसतायत ना, ते सगळे एकाच तुकड्याचे आहेत. सा रे ग म रे ग सा. तिसऱ्या बारमध्ये तोच तुकडा उलटा होऊन उतरतो, ध प म ग प म ध. काकूंना हे सापडलं तेव्हा त्या खुर्चीतनं जवळजवळ उठल्याच, ते फुटेज हललंय म्हणून वापरता आलं नाही. अख्खं इन्व्हेन्शन ह्या एका ओळीभर मसाल्यावर उभं आहे, सुलटा, उलटा, वर, खाली, कधी उजव्यात कधी डाव्यात. बावीस बार पाठ करायला बसलेल्या माणसाला कळतं की पाठ करायचं तसं थोडंच आहे, बाकी सगळं समजून घ्यायचंय.

[पानावर रंगीत पेन्सिलीने तीन भाग]

आणि तीन मुक्काम. सातव्या बारला गाडी पंचमावर पोचते, त्याआधी काळी तीन लागायला लागते, म्हणजे तीव्र मध्यम. इथे पेटीचा अनुभव कामाला आला, काकू म्हणाल्या अहो हा तर षड्ज सरकवला त्याने. बरोबर. सातव्यात डावा हात सुरू करतो, प ध नि सा ध नि प, आणि उजवा मागून येतो, म्हणजे भूमिका उलट. पंधराव्या बारला धैवतावर मुक्काम, ए मायनर, तिथे काळी चार ऐकू आली की समजायचं आता ध आला. आणि तिथनं पुढे एक हात पळतो तेव्हा दुसरा एक सूर धरून थांबतो, मग अदलाबदल. शेवटी परत घरी, सा.

हे सगळं वाजवायच्या आधी. मला इथे थोडं बोलायचंय, यूट्यूबवर ते रंगीत पट्टे वरनं पडत येणारे व्हिडिओ असतात ना, त्यावरनं लोक बोटं शिकतात, शिकतात हो, खोटं नाही, पण त्यात सातवा बार आणि आठवा बार सारखेच दिसतात. मुक्काम दिसत नाही. म्हणून मध्येच अडकलं की माणूस पहिल्यापासून सुरू करतो. आपण शाळेत पाढे म्हणायचो तसंच, सतरा सत्ते विचारलं की मनात सतरा एके सतरापासून चालू.

[घड्याळ, ओट्यावर कुकर, मागे पियानो]

सकाळी वीस मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या येतायत त्या आम्ही आवाजातनं काढून टाकल्या नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन लावून परत वीस मिनिटं. बास. रविवारी चार तास बसून बाकी आठवडा काही नाही, हा जो आपल्याकडचा रिवाज आहे तो पाठांतराला सगळ्यात वाईट. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने उडतं, आणि तेवढ्याच आवृत्त्या दिवसांवर पसरल्या तर जास्त टिकतात. मध्ये एक झोप गेली पाहिजे. रात्री न जमलेली जागा सकाळी आपोआप जमते असा अनुभव वाजवणाऱ्या कुणालाही विचारा.

[डावा हात एकटा, मेट्रोनोम 40]

त्या वीस मिनिटांत काय, तर आधी डावा हात. एकटा. उजव्याचं पाठ पटकन होतं कारण कान त्याच्याकडे असतो, डावा नुसता मागे मागे जातो आणि मग ऐन वेळी तोच दगा देतो. म्हणून टीचरचा नियम असा की डावा एकटा न बघता वाजवता आला नाही तर दोन्ही हात एकत्र करायचे नाहीत. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, चाळीसवर, मिनिटाला चाळीस ठोके. आणि एका वेळी अर्धाच बार, पण पुढच्या अर्ध्याचा पहिला सूर धरून. हे महत्त्वाचं आहे. तुकडा आणि पुढच्या तुकड्याचं तोंड. लोक तुकडे करतात आणि सांधे विसरतात, मग तुकडे सगळे येतात आणि सांध्यात धडपडतात.

आता हे बघा, चुकलं. [थांबलेला हात] आणि त्या थांबल्या. परत पहिल्यापासून नाही. कुठले दोन सूर, कुठलं बोट, तेवढंच सावकाश, सलग काही वेळा बरोबर, मग दोन सूर आधीपासून, मग चार. चुकीचं वाजवून पुढे दामटलं की हात ती चूक पण इमानदारीने पाठ करतो, त्याला काय कळतंय चूक कुठली.

दुसरी गोष्ट, शेवटापासून सुरुवात. शेवटचे दोन बार आधी पक्के, मग त्याच्या आधीचे दोन, असं मागे मागे. त्यामुळे वाजवताना दरवेळी आपण कमी येणाऱ्यातनं जास्त येणाऱ्याकडे जातो, भीती कमी होत जाते. नेहमीसारखं पुढून शिकलं की पहिला बार शंभर वेळा झालेला असतो आणि शेवटचा दहा वेळा.

[स्टीलचा डबा, चिठ्ठ्या]

हा डबा आमच्या कॅमेरामनला फार आवडला, त्यामुळे तो जरा जास्तच वेळ दिसणार आहे. आत आठ चिठ्ठ्या. पानावर आठ जागा ठरवल्यात, काकू त्यांना ठाणी म्हणतात. चिठ्ठी काढायची, तेरा आली तर तेराव्या बारपासून, न बघता, लगेच. मग पुढची. तीन आली. मग एकोणीस. क्रम मोडला की डोकं दरवेळी नव्याने शोधतं, आणि तो शोधण्याचा त्रास हाच सराव आहे. एकच तुकडा ओळीने वीस वेळा वाजवला की विसाव्या वेळी छान वाटतं, उद्या सकाळी बघा मग.

[पियानोचा आवाज बंद, फक्त पट्ट्यांचा खडखडाट]

इथे तुमचा व्हिडिओ बिघडलेला नाही. आवाज शून्यावर आहे. कानाने ऐकल्याशिवाय पुढचा सूर माहिती आहे का, ह्याची ही परीक्षा.

आणि ह्याहून अवघड, हळू. अगदी हळू, न बघता. वेगात वाजवताना हात सवयीने पळतो, एक सूर दुसऱ्याला ओढून आणतो, डोक्याला काही विचारावंच लागत नाही. तेच अर्ध्या वेगाने करा, सवय तुटते, आणि मग खरं पाठ किती आहे ते उघडं पडतं. काकूंचं सतराव्या बारला उघडं पडलं. बघा चेहरा.

[डोंबिवली लोकल, खिडकीची जागा, मांडीवर कागद]

हा आमचा सगळ्यात चांगला शॉट. डोंबिवलीहून सुटणारी गाडी म्हणून बसायला मिळालंय, काकू बँकेत निघाल्यात, मांडीवर झेरॉक्स, बोटं पर्सवर. ठाण्यापर्यंत कागद बघायचा, ठाण्यानंतर उलटा ठेवायचा. डोळे मिटून पट्ट्या दिसल्या पाहिजेत, सूर ऐकू आला पाहिजे, बोट कुठलं ते सांगता आलं पाहिजे. जिथे अंधार येतो तिथे कागद सुलटा करून बघायचं. शेजारच्या बाईंना वाटलं जप चाललाय. वाल्टर गीझेकिंग नावाचा मोठा जर्मन पियानिस्ट होऊन गेला, 1956 मध्ये गेला, तो हेच करायचा. त्याचे गुरू कार्ल लायमर ह्यांनी त्याला आधी कागद वाचून पाठ करायला आणि मगच पियानोला बसायला लावलं, आणि पुढे तो प्रवासात नुसतं वाचून चीजा तयार करायचा अशी त्याची ख्याती. आपल्याला त्याचं डोकं नाही, पण लोकल आहे.

रात्री नोटेशनच्या पाच रेघांच्या कोऱ्या कागदावर एक मुक्काम लिहूनही काढायचा. हे काकूंना अजिबात आवडत नाही. त्यांनी ते किती वेळा टाळलं तेही आमच्याकडे शूट झालंय, पण राहू दे.

[भजनी मंडळ, सतरंजी, कीबोर्ड]

काकू हे पियानोच्या ग्रेडच्या परीक्षेत वाजवणार आहेत, तर त्या परीक्षेच्या आधी एक चाचणी. मंडळातल्या बायकांसमोर, आल्या आल्या, हात गरम न करता, एकदाच. घरी तिसऱ्या वेळेला जमतं त्याला अर्थ नाही, बाहेर पहिलीच वेळ मिळते. एक जण म्हणाली ह्यात शब्द कुठेत. दुसरीने डोळे मिटले होते.

तसं ग्रेडच्या परीक्षेत न बघता वाजवायची सक्ती नसतेच. न बघता वाजवणं ही पद्धत सुद्धा फार जुनी नाही, 1837 मध्ये बर्लिनला क्लारा वीक ही पियानिस्ट, पुढची क्लारा शूमान, नोटेशन न ठेवता बेथोव्हेन वाजवायला बसली तेव्हा काहींना तो आगाऊपणा वाटला होता. मग काकू कशाला करतायत? त्यांना विचारलं तर म्हणाल्या, भजनाला वही घेऊन बसतं का कोणी.

[इमारतीचं गेट, बंद]

परीक्षेच्या खोलीत कॅमेरा नेता आला नाही. पंधराव्या बारच्या पुढे उजवा हात अडकला, पुढच्या ठाण्यावरनं उचललं, पास.

[टीचरची खोली, नवीन पान]

आता आठवं इन्व्हेन्शन, एफ मेजर, सुरुवातीला डावा हात उजव्याच्या एक बार मागून तेच म्हणत पळतो. शेवटच्या दोन बारांची फिंगरिंग लिहून झालीये. पहिलं आता आठवड्यातनं एकदा, मग महिन्यातनं एकदा काढायचं, कॅलेंडरवर पंधरा तारखेला पेन्सिलीने "बाख 1" लिहिलंय, त्याच चौकोनात खाली गॅस सिलेंडर.