ऑक्टोबर हीट ते शेकोटी: नाशिकचा सर्दी-खोकल्याचा सीझन

[दृश्य: पहाट, गोल्फ क्लब ग्राउंड, चालणारी माणसं]

पावसाळा संपला असं नाशिकमध्ये छातीठोकपणे कोणी म्हणत नाही, कारण दसऱ्याला निघालेल्या नव्या कपड्यांवर तो एकदा तरी येऊन जातोच. पण परतीचा पाऊस गेला की हवेचं काही खरं नसतं. दुपारी रविवार कारंज्यावर ३२-३३ अंशात शर्ट पाठीला चिकटतो, आणि त्याच दिवशी पहाटे गोल्फ क्लबवर बघा, कानटोप्या, मफलर, आणि दर चौथं नाक सुरसुर करतंय. एका दिवसात पंधरा अंशांचा फरक, शरीराने ऐकायचं कोणाचं?

[दृश्य: अंबडच्या दिशेने जाणाऱ्या बाईक]

हा पोरगा मखमलाबादहून अंबड एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला चाललाय. हाफ शर्ट, छाती उघडी, जॅकेट डिकीत. का, तर तीनला सुटल्यावर ऊन असतं, मग ते हातात कोण वागवणार. बरं, थंडीने थेट सर्दी होत नाही, सर्दी व्हायरसने होते. पण सर्दीचे बरेचसे व्हायरस नाकातल्या ३३ अंशांच्या आसपासच्या गारव्यात जास्त जोमाने वाढतात, आणि गार कोरड्या हवेने नाकातला ओलावा सुकला की त्यांना अडवणारं फारसं काही उरत नाही. नाका-तोंडावरून एक रुमाल बांधला तरी आत जाणारी हवा थोडी कोमट होते, एवढं साधं आहे ते.

[दृश्य: निफाड तालुका, द्राक्षबाग, ब्लोअर चालू]

आता गंमत बघा. हेच दिवस गोडी छाटणीनंतरचे, म्हणजे फळासाठी द्राक्षवेल छाटतात त्यानंतरचे. बागेत पान ओलं राहिलं की डावणी, हवा कोरडी-गार झाली की भुरी, दोन्ही बुरशीचे रोग, म्हणून बागायतदार दिवसातून चार वेळा मोबाईलवर हवामान बघतो, ढग आले की फवारणीला रात्री अकराला पण ट्रॅक्टर काढतो. द्राक्षाला हवा बदललेली सोसत नाही हे त्याला पाठ आहे. आणि स्वतः? तोंडाला काही न बांधता फवारणीच्या धुक्यात उभा, घरी आल्यावर खोकला, मग म्हणतो वातावरण खराब आहे. वातावरण खराब आहेच हो, पण मास्क पण घरीच राहिला ना भाऊ.

जुन्या लोकांनी या दिवसांना नाव दिलंय, ऋतुसंधी. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट, त्यांनी तर हिशोबच मांडला, जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात. या पंधरवड्यात जुनी सवय हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची, एकदम उडी नाही. म्हणजे काल फ्रीजचं पाणी आणि आज एकदम सुंठ-मिरी-लवंगेचा कडक काढा, असं नाही. ऑक्टोबर हीटमध्ये लोक व्हॉट्सॲप बघून दिवसाला तीन-तीन काढे पितात, आणि मग छातीत जळजळ म्हणून त्यावर ॲसिडिटीची गोळी. अहो शरद म्हणजे पित्ताचे दिवस, कोजागिरीला दूध आटवतो ते काय उगाच का. काढ्याला, बाजरीला, तिळाला त्यांचा टाइम येतोच, थंडी पडू द्या. तोवर नागलीची भाकरी चालू ठेवा, बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या बाजारातून पालेभाजी आणा, झालं.

[दृश्य: कूलरची टाकी, क्लोज-अप]

इथे मात्र जरा थांबायचं. उन्हाळ्यापासून गॅलरीत पडलेला हा कूलर, तळाला दोन बोटं पाणी. बॅटरी मारून बघा, वळवळतायत त्या अळ्या. डेंग्यूचा डास असा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, चावतो दिवसा, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी असली तरी कित्येक महिने टिकतात, त्यामुळे ब्रशने घासायचं. फ्रीजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचा टायर, सगळं.

ताप आलाच तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाची भीती वाढते. आणि ताप उतरला म्हणून लगेच ड्युटीवर पळू नका, डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना. प्लेटलेट वाढतील म्हणून लोक किवीच्या मागे लागतात, तिचे भाव त्या दिवसांत आभाळाला भिडतात, पण पेशंटला आधी हवं असतं ते पाणी, पेज, ओआरएस. साध्या सर्दीला मेडिकलवरून अँटिबायोटिक मागून आणणं पण बंद करा, व्हायरसवर ती चालतच नाहीत.

[दृश्य: डिसेंबर, शेकोट्या, जमिनीलगतचा धूर]

डिसेंबरमध्ये निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात. अशा पहाटे गार हवा खाली बसते आणि धूर वर जायचं नाव घेत नाही. दमेकऱ्यांनी, म्हाताऱ्यांनी पाचला फिरायचा हट्ट सोडून ऊन पडल्यावर निघावं. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, घरात आजी-आजोबा, शुगरवाले असतील तर डॉक्टरांना विचारून ठेवा.

फेब्रुवारीत हेच सगळं उलट्या बाजूने. पहिली रसवंती लागली की लोक स्वेटर माळ्यावर टाकतात, पहाट तर अजून गारच असते. होळीपर्यंत तो खुंटीवर राहू द्या, आणि रस घेताना बर्फ नको सांगा, कुठल्या पाण्याचा असतो कोण जाणे.