रात्री १२.४० चा पाहुणा

(दृश्य – फोंडा, गोवा. वरच्या बाजारातली दुपार. दुकानांच्या रांगेवरचा एक मजला. आत पाच-सहा टेबलं, लॅपटॉप, कोपऱ्यात इन्व्हर्टर.)

३ सप्टेंबर २०२५. रात्री दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक संपली आणि दरांची नवी यादी जाहीर झाली. हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत असेल तर कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, मात्र इनपुट क्रेडिट, म्हणजे हॉटेलनं स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं. त्यावरच्या खोल्यांना पूर्वीसारखेच १८ टक्के. अंमल २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी.

कळंगुटपासून पाळोळेपर्यंत छोट्या हॉटेलांच्या आणि गेस्टहाउसांच्या कितीतरी खोल्या याच ७५०० च्या आतल्या. त्यांची बिलं सॉफ्टवेअर काढतं, आणि ते सॉफ्टवेअर कुणीतरी वेळेत बदलायचं असतं. बदलणाऱ्यांतले काही जण इथे, या खोलीत बसतात. बहुतेक जण फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले.

कोड म्हणून पाहिलं तर काम लहान आहे. एक दर, एक तारीख. खरे प्रश्न त्यानंतरचे. हा बदल बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं? आणि इतक्या हॉटेलांच्या बिलिंगवर तो चढवायचा कुणी, कुठल्या क्रमानं?

काही वर्षांपूर्वी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक माणूस होता. बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बांधणं, त्याच्या लॅपटॉपवर व्हायचं. फाइली तो स्वतः सर्व्हरवर कॉपी करायचा, एक सर्व्हिस बंद करून दुसरी चालू करायचा, मग एक छोटी स्क्रिप्ट चालवायचा. ती स्क्रिप्ट कुठे ठेवली आहे हेही त्यालाच ठाऊक. काम चोख, पण सगळा क्रम त्याच्या डोक्यात. चवथीला तो वाळपईकडे गावी गेला की नवं काहीही चढवणं बंद. गोव्यात चवथ म्हणजे घरी जायचंच. माटोळी बांधायची असते, आरत्या असतात, गावभर फिरायचं असतं. अशा वेळी फोन करून त्याला सर्व्हरच्या कमांड विचारणं कुणालाच बरं वाटत नसे, आणि विचारायचं ठरवलं तरी नेटवर्क लागेलच असं नसे.

३ सप्टेंबरला काही घरांत गणपती अजून बसलेलाच होता. तरी या वेळी ऑफिसचं काम अडलं नाही. तो सगळा क्रम आता एका फाइलीत लिहिलेला आहे, आणि ती फाइल कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवायच्या सामायिक जागेत, सगळ्यांसमोर आहे.

(दृश्य – जुनी बातमीपत्रं, शेअर बाजाराचे पडदे.)

हातानं चढवलेल्या कोडची किंमत किती होऊ शकते, याचं सर्वांत ठळक उदाहरण न्यू यॉर्कच्या शेअर बाजारातलं आहे. १ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल या कंपनीनं नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवर गेला, एक राहिला. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या ऑर्डरींनी नेमका तोच जागा केला. गिऱ्हाइकांच्या २१२ ऑर्डरी. त्यांच्यापायी ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला.

अमेरिकी रोखे आयोगाच्या आदेशात याचा सविस्तर तपशील आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली ही, की बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं ९७ ईमेल पाठवले होते आणि ते कुणी इशारा म्हणून वाचले नाहीत. दुसरी त्याहून बोचरी. गोंधळ थांबवण्यासाठी लोकांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर असलेला कोड काढून टाकला, आणि चूक आठही सर्व्हरवर पसरली. चढवलेला कोड दुसऱ्या कुणी तपासावा अशी लेखी पद्धत त्या कंपनीत नव्हती.

लेखी पद्धत. फोंड्यातल्या या ऑफिसात शिरलो ते तीच पाहायला.

(दृश्य – स्क्रीनचं समीपदृश्य. रंगीत अक्षरांच्या ओळी.)

ही ती फाइल. यॅमल नावाच्या साध्या मांडणीत लिहिलेली, शंभरेक ओळींची. वरच्या ओळी सांगतात की हे काम कधी सुरू करायचं: कुणीही कोड पुश केला, म्हणजे रिपॉझिटरीत पाठवला की, आणि कुणी मर्जची, म्हणजे तो मुख्य कोडमध्ये मिसळण्याची, विनंती पाठवली की. त्याखाली कुठे चालवायचं ते. दर वेळी एक कोरं लिनक्स मशीन (त्याला रनर म्हणतात), जे काम संपलं की टाकून दिलं जातं. पुढे पायऱ्या. कोड आणा. पायथॉनची ठरलेली आवृत्ती बसवा. लॉक फाइलीत आहेत तेवढ्याच आणि त्याच आवृत्तीच्या लायब्ररी घ्या. पोस्टग्रेसचा रिकामा डेटाबेस उभा करा. सगळ्या टेस्ट, म्हणजे कोडची उत्तरं तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवा. त्या पास झाल्या, तरच डॉकरची इमेज, म्हणजे कोड आणि त्याला लागणारं सगळं यांचं एक गाठोडं, बांधा आणि तिला त्या कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, क्रमांक द्या.

या मांडणीत खाचखळगे बरेच. टॅब चालत नाही, मोजून स्पेसच द्याव्या लागतात. पायथॉनची आवृत्ती ३.१० अशी उघडी लिहिली तर ती दशांश संख्या समजली जाते, शेवटचं शून्य गळतं आणि मशीन ३.१ शोधायला निघतं. अवतरणचिन्हं घातली की प्रश्न मिटतो. नवख्याचा अर्धा दिवस अशा एका ओळीत जाऊ शकतो, म्हणून इथे प्रत्येक अशा ओळीशेजारी ती तशी का आहे ते मराठीत लिहून ठेवलंय. ही सवय मला फार मोलाची वाटते.

दिवसातून अनेकदा सगळ्यांचा कोड एकत्र आणायचा आणि प्रत्येक वेळी तो यंत्राकडून तपासून घ्यायचा, हा विचार नवा नाही. कंटिन्युअस इंटिग्रेशन हे नाव ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये वापरलं, आणि नव्वदीच्या अखेरीस केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगनं ते रोजच्या कामात आणलं. २००१ मध्ये हे काम करणारं क्रूझकंट्रोल नावाचं सॉफ्टवेअर आलं. पुढे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना कोसुके कावागुची यांनी हडसन लिहिलं, आणि सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी मतभेद झाल्यावर २०११ मध्ये त्याच कोडमधून जेनकिन्स निघालं. आजही असंख्य कंपन्यांत तेच चालतं. गिटहब अ‍ॅक्शन्स हे गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळाचं तसंच साधन नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांना खुलं झालं. छोट्या ऑफिसांची सोय तेव्हापासून वाढली, स्वतःचा बिल्ड सर्व्हर सांभाळायची गरज उरली नाही. पावसाळ्यात वीज गेली, इन्व्हर्टर संपला, तरी बिल्ड दूर कुठेतरी चालूच राहतं.

(दृश्य – एक तरुण इंजिनिअर स्क्रीनकडे पाहते आहे. ओळीपुढे लाल फुली.)

कराचा बदल तिनं लिहिला. सोबत टेस्टही लिहिल्या. त्यातली एक अशी: ३००० रुपयांची खोली, २४ तासांच्या हिशेबानं दिलेली. पाहुणा २२ सप्टेंबरला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी येतो. आगाऊ काही भरलेलं नाही, बिल निघताना. कर १५० रुपये यायला हवा.

असा पाहुणा गोव्यात रोजचा आहे. दाबोळीला किंवा मोपाला उशिराचं विमान उतरतं, टॅक्सी पोचेपर्यंत तारीख बदललेली असते. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत किंवा ज्यांचं बिल आधीच निघालंय त्यांना जीएसटी कायद्याचं, दर बदलताना कुठला दर लावायचा ते ठरवणारं, कलम १४ लागतं. त्यांच्यासाठी वेगळ्या टेस्ट आहेत, आणि त्या सगळ्या हिरव्या झाल्या. लाल झाली ती हीच. लॉगमध्ये ओळ होती: अपेक्षित १५०, मिळाले ३६०.

"दादा, माझ्याकडे तर पास होतंय," ती ज्येष्ठ सहकाऱ्याला म्हणते.

"तुझा लॅपटॉप भारतीय वेळेवर आहे. रनरचं घड्याळ कुठलं ते बघ."

"यूटीसी."

"आणि आपला सर्व्हर?"

ती कॉन्फिगरेशन उघडून बघते. "तोही यूटीसीच."

भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे. इथे २२ तारखेचे १२.४० वाजतात तेव्हा सर्व्हरच्या लेखी २१ तारखेची संध्याकाळ असते, ७ वाजून १० मिनिटं. कोड 'आजची तारीख' मशीनला विचारत होता, आणि मशीन प्रामाणिकपणे कालची तारीख सांगत होतं. म्हणजे २२ तारखेला मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला जुना कर लागला असता. हीच तारीख पुढे परदेशी पाहुण्यांच्या नोंदीतही जाते, आणि ती माहिती पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत कळवणं हॉटेलांवर बंधनकारक आहे.

रनरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावणं हा इथला सोपा उपाय. एक ओळ लिहिली की लाल फुली जाईल. पण चूक तशीच सर्व्हरवर पोचेल, आणि आता ती पकडणारंही कुणी नसेल. दादांनी तसं करू दिलं नाही. तारीख काढताना 'आशिया/कोलकाता' हा वेळेचा पट्टा कोडमध्येच स्पष्ट सांगितला गेला. सात-आठ मिनिटांनी ओळीपुढे हिरवी खूण आली. टेस्ट गप्प करणं आणि दोष काढणं यांतला फरक ती त्या दुपारी शिकली. माझ्या मते त्या फाइलीची सर्वांत मोठी कमाई हीच.

(दृश्य – मर्जचं बटण. मग एकामागून एक पायऱ्या.)

मर्ज झाल्यावर तीच इमेज, पुन्हा न बांधता, आधी स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर, जाते. तिथे खोटे पाहुणे, खोटी बिलं. प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या हॉटेलांच्या, पायरीशी पाइपलाइन (ही सगळ्या पायऱ्यांची साखळी) थांबते आणि दोन ठरलेल्या माणसांपैकी एकाच्या मंजुरीची वाट पाहते. स्वतःच्या बदलाला स्वतः मंजुरी देता येत नाही.

मंजुरी मिळाली की आधी डेटाबेसचे बदल, आणि तेही फक्त भर घालणारे. जुना कॉलम त्याच फेरीत कधीच काढत नाहीत, कारण इमेज मागे नेता येते, पुसलेला डेटा येत नाही. मग दोन-तीन हॉटेलांवर नवी इमेज. तिथून आरोग्य तपासणीचं, म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतंय ना याचं, उत्तर नीट आलं तर बाकीच्यांवर. नाही आलं तर आधीची इमेज आपोआप परत. आणि एक डिप्लॉय, म्हणजे कोड चढवण्याची एक फेरी, चालू असताना दुसरा सुरूच होत नाही, रांगेत थांबतो.

नवा दर तक्त्यात अंमलाच्या तारखेसह ठेवला होता. त्यामुळे कोड दिवसाढवळ्या, सगळे ऑफिसात असताना, २२ तारखेच्या कितीतरी आधी चढला. कोड चढवण्याची वेळ आणि नियम लागू होण्याची वेळ अशा वेगळ्या केल्या की मध्यरात्री कुणालाही जागावं लागत नाही.

(दृश्य – रिपॉझिटरीच्या सेटिंग्ज. चाव्यांची नावं दिसतात, मजकूर झाकलेला.)

या सोयीत एक धोकाही आहे. सर्व्हरच्या चाव्या, म्हणजे आत शिरायचे गुप्त संकेत, आता पाइपलाइनच्या हाती असतात. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-अ‍ॅक्शन्स' यांची 'चेंज्ड-फाइल्स' ही लोकप्रिय तयार पायरी कुणीतरी बळकावली. तिच्या जुन्या आवृत्त्यांचे टॅग, म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या, दुष्ट कोडकडे वळवले गेले, आणि ती वापरणाऱ्यांच्या गुप्त चाव्या बिल्डच्या लॉगमध्ये छापल्या जाऊ लागल्या. ती पायरी २३,००० हून अधिक रिपॉझिटरी वापरत होत्या. तेव्हापासून या ऑफिसात बाहेरची कुठलीही पायरी टॅगच्या नावानं घेत नाहीत. कमिटचा पूर्ण ४० अक्षरी क्रमांक लिहितात, कारण तो दुसरीकडे वळवता येत नाही. आणि टेस्ट चालवणाऱ्या टप्प्याला प्रॉडक्शनची चावी दिलेलीच नाही.

फर्मागुडीला शिकणाऱ्या ज्या मुलांना हे आजच करून पाहायचं आहे, त्यांनी डिप्लॉयपासून सुरुवात करू नये. एक प्रोजेक्ट, एक टेस्ट आणि पुश केल्यावर ती चालवणारी वीस ओळींची फाइल, एवढं आधी. सार्वजनिक रिपॉझिटरीला गिटहबचे नेहमीचे रनर फुकट आहेत. खासगीला फुकट योजनेत महिन्याला २००० मिनिटं मिळतात, म्हणजे आठ मिनिटांचं बिल्ड अडीचशे वेळा.

इथे सध्या बॅकअपवर काम चालू आहे. रोज रात्री कालचा बॅकअप एका कोऱ्या डेटाबेसवर उतरवून, त्यातली बिलं मोजून पाहायची, असा नवा टप्पा त्याच फाइलीत लिहिला जातोय. त्याची वेळ पहाटे २ वाजून १७ मिनिटांची ठरली आहे, कारण तासाच्या ठोक्याला रनरवर गर्दी असते आणि काम उशिरा सुरू होतं. फाइलीत ती वेळ यूटीसीत, २० वाजून ४७ मिनिटं अशी लिहिली आहे. शेजारी मराठीत टीप आहे, आणि ती टीप या वेळी तिनंच लिहिली आहे.